विनाईल की टाईल? पहिल्यांदा फरशी निवडताना

ताई, घाबरू नका, पहिल्या घराला सगळेच गोंधळतात. नमुने नंतर, आधी जमीन बघा. आपल्या खानापूरकडे पावसाळ्यात तळमजल्याला ओल धरते. विनाईल म्हणजे प्लास्टिकची फरशी, ती स्वतः भिजत नाही, पण खालून आलेली ओल तिच्याखाली अडकते, कुबट वास सुटतो आणि चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात. म्हणून दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर टाईलच घ्या.

माझं मत विचाराल तर तळमजला, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांना टाईल. वरच्या बेडरूमला विनाईल छान. थंडीत पायाला गार लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना बरं.

नवखे इथे चुकतात:
- न्हाणीघरात गुळगुळीत टाईल. खडबडीतच घ्या, हट्टाने घ्या.
- उंचसखल कोब्यावर विनाईल. सांधे उचकटतात.
- मोजून तेवढ्याच पेट्या. १० टक्के जास्त आणि सगळ्या एकाच बॅचच्या घ्या. आमच्या हॉलमधली नंतर बदललेली टाईल आजही वेगळी दिसते.

टाईल बसली की नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजली तर गवंडी असेपर्यंतच बदलून घ्या.