रॅम टाकायला एक्सपर्ट कशाला?

अरे दहा-बारा पीसींना रॅम आणि एसएसडीच टाकायचीये ना, मग त्यासाठी पंधरा वर्षं अनुभववाला माणूस दिवसभर बसवून ठेवू नकोस, नुसता स्क्रू ड्रायव्हर फिरवायला ऑफिसातला एखादा चटपटीत पोरगा पण चालतो. फक्त डीडीआर४ रॅमच्या बोर्डात डीडीआर५ रॅम बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, आणि एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची बोर्डावरची जागा) दिसला म्हणजे एनव्हीएमई, म्हणजे जास्त फास्ट प्रकारची एसएसडी, चालेलच असं नाही, काही स्लॉट नुसते साटावाले, म्हणजे जुन्या, हळू प्रकारच्या एसएसडीचे असतात, हे ऑर्डर द्यायच्या आधी बघ. मी एकदा नाही बघितलं, अख्खा लॉट परत पाठवावा लागला.

जाणकाराला पैसे द्यायचेच तर आधीच्या दोन तासांचे दे. कुठलं मशीन विंडोज ११ घेईल (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय), बॅकअप नुसता घेतलाय की खरंच रिस्टोअर पण होतो, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कुठे ठेवलीये, हे त्याच्याकडून तपासून घे. ती की हाताशी नसली ना, तर बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर मशीन निळा स्क्रीन दाखवून की मागत बसू शकतं, आणि की सापडलीच नाही तर डेटा गेला समज.

मग एकच पीसी त्याच्यासमोर कर, अकाउंट्सवाल्यांचा सोडून कुठलाही, आठवडाभर चालू दे, प्रिंटर-बिंटर सगळं बघ, नंतर बाकीचे तुम्हीच उरका. सर्व्हरला मात्र हात लावू नकोस, तिथे तो म्हणेल तेवढे पैसे दे.