मी कॅनडात असतो, माझ्याकडे १९४४ची ली-एन्फिल्ड नंबर ४ (टी), म्हणजे स्नायपर रायफल आहे, स्कोप नाहीये. त्या काळाला शोभेल असा कोणता बसवू?

स्कोप नंतर बघा हो, आधी ब्रॅकेटचं (स्कोप रायफलला धरून ठेवणारा तुकडा) बघा! सगळे हिच्या मूळ नंबर ३२ स्कोपच्या मागे धावतात आणि मग अडकतात, मी पण अडकलोय म्हणून सांगतो.

तुम्ही कॅनडात आहात म्हणजे लायसन्सचा प्रश्न नसेल. (भारतात हे जमलंच नसतं, हिचा थ्री नॉट थ्री हा लष्करी बोअर म्हणून सिव्हिलियनला बंद, तिथे .३१५वर समाधान. आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी बघत मोठे झालो ती बहुतेक ईशापूरच्या कारखान्यातली जुनी नंबर १ रायफल, ही नंबर ४ नव्हे.)

आता रायफल हातात घ्या. बट जिथे बॉडीला मिळतो तिथे लाकडाच्या वरच्या बाजूला, अगदी अंगठा टेकतो तिथे, एक नंबर ठोकलेला असतो, तो तिच्या मूळ स्कोपचा. कधीकधी एक नंबर खोडून शेजारी दुसरा मारलेला दिसतो, म्हणजे नोकरीत असतानाच स्कोप बदललाय, त्यामुळे रायफल १९४४ची म्हणून स्कोपवर पण १९४४च हवं असा हट्ट धरू नका. नंबर ३२चे तीन प्रकार: मार्क १ साधारण १९४२चा, मार्क २ १९४३चा, मार्क ३ १९४४च्या शेवटाकडचा. तिन्ही ३ पॉवरचेच, मुळात ब्रेन गनसाठी (हलकी मशीनगन) काढलेलं डिझाइन. तुमच्या रायफलला मी मार्क २ शोधेन. मार्क १ला बाजूच्या ड्रमचा (नेम डावी-उजवीकडे सरकवायची फिरकी) एक क्लिक म्हणजे १०० यार्डावर जवळजवळ २ इंच, वैताग येतो, मार्क २ला त्याच्या निम्मा. झीरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम गोळी लागते तिथे जुळवायला, मार्क ३ सगळ्यात सोपा, फक्त नेमबाजीच करायची असेल तर बिनधास्त तो घ्या.

पण ब्रॅकेट. हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीत तो त्या-त्या रायफलच्या पॅडवर (बॉडीवरची ब्रॅकेट बसायची जागा) हाताने बसवलेला असायचा, म्हणून त्यावर रायफलचा नंबर असतो. मी एका विक्रेत्याकडून "ओरिजिनल आहे साहेब" म्हणत दुसऱ्याच रायफलचा ब्रॅकेट घेतला, दोन्ही स्क्रू छान आवळले, रेंजवर गेलो तर १०० यार्डावर गोळ्या टार्गेटच्या डाव्या काठाला, ड्रम फिरवत फिरवत पार टोकाला नेला तरी मधे येईनात. स्कोप बिचारा ठणठणीत होता. शेवटी जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या एका आजोबांनी ब्रॅकेट पॅडला काळं लावून घासून घासून बसवून दिला, तीन शनिवार गेले.

तुमच्या नंबरचा ब्रॅकेट मिळणं म्हणजे लॉटरीच, तेव्हा नवीन बनवलेला चांगला रेप्लिका ब्रॅकेट घेऊन बसवून घेतलात तरी कोणी नावं ठेवणार नाही, आणि स्कोप मात्र जुना खरा घ्या, आत बुरशी नाही ना हे उजेडाकडे धरून बघा. आणि काही झालं तरी पॅड उपटून किंवा बॉडीला नवीन भोकं पाडून आधुनिक माउंट लावू नका, प्लीज.

बटवरचा नंबर वाचता आला तर कमेंटमध्ये टाका, बघू काय कळतंय ते.