बेल वाजली की आमचा कुत्रा बदलतो

"बाहेर कुणीही हात लावला तरी काही करत नाही हो. पण घराच्या दाराशी माणूस आला, की हा आमचा वाटतच नाही." पाळीव कुत्र्यांच्या वागणुकीबद्दल समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की फोनवर पहिले चार शब्द कानावर पडले तरी पुढचं मला म्हणता येईल. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न येतो: "चावरा निघाला का? आमच्याच लाडाने बिघडला का?"

बुलडॉग पाळणाऱ्यांचा गोंधळ तर दुप्पट असतो. घोरणारा, लोळणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा म्हणून त्यांनी तो आणलेला असतो. दोनेक वर्षं तो तसाच वागतो आणि मग 'अचानक' दारावर झेपावायला लागतो. हे अचानक नसतं. कुत्र्याचं शरीर वर्ष-दीड वर्षात भरतं, पण स्वभावाने प्रौढ व्हायला त्याला तीन वर्षांपर्यंत वेळ लागतो. घर, अंगण, गाडी, जिना हे सगळं 'आपलं' आहे ही जाणीव याच काळात पक्की होते. दाराशी आलेल्याच्या पायात लोळणारं पिल्लू आता मोठं झालेलं असतं, इतकंच.

"पण यांच्या रक्तातच असेल ना?" असंही विचारतात. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर बुलडॉग सोडायचा खेळ चालायचा, हे खरं. तो 1835 साली कायद्याने बंद झाला. त्यानंतर पैदास करणाऱ्यांनी शांत, माणसांत रमणारे कुत्रेच निवडून पुढे वाढवले. तेव्हा रक्तावर ढकलून मोकळं होता येत नाही. दाराशी रोज काय घडतंय ते आधी बघा, असं माझं म्हणणं असतं.

बंड्याचं घर त्याचं चांगलं उदाहरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावासकट तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलंय. घरात निवृत्त काका, काकू आणि अडीच वर्षांचा, पंचवीस किलोचा बुलडॉग बंड्या. मुलगा नोकरीसाठी दूर. पार्सल घेऊन आलेल्या मुलाची पँट बंड्याने फाडली, दात अंगाला लागले नाहीत एवढंच नशीब, आणि काकूंनी मला फोन केला.

पहिल्या भेटीत काका म्हणाले, "आमचे जावई सांगतात, त्याला उताणा पाडून दाबून धरा. घरात मालक कोण ते कळलं पाहिजे."

हा सल्ला मला जवळपास प्रत्येक घरात भेटतो. तो आला कुठून ते सांगितलेलं बरं. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे आपसात भांडत होते, त्यावरून 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना रुजली आणि पुढे कुत्र्यांनाही चिकटली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी 1970 साली ती आणखी पसरवली आणि 1999 साली त्यांनीच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, त्यात गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. पण जावयांपर्यंत ही दुरुस्ती अजून पोचलेली नाही. शिवाय चपट्या नाकाच्या कुत्र्याला आधीच श्वास कमी पडतो. त्याला जमिनीवर दाबून धरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि घाबरलेला कुत्रा दाबणाऱ्यालाच चावू शकतो.

"मग काय करायचं?" काकांनी विचारलं.

"आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जायचं. त्याशिवाय मी सुरुवात करत नाही."

काकांना ते पटलेलं दिसलं नाही. पण बुलडॉगच्या बाबतीत मी या अटीवर अडून बसते. चेहऱ्याच्या घड्या, कान, डोळ्यांच्या पापण्या, खुबे, यातलं काहीतरी या जातीत दुखत असण्याची शक्यता मोठी. श्वासाच्या त्रासाने झोपही नीट होत नाही. दुखणारा, झोप न झालेला कुत्रा चिडका होणारच. बंड्याच्या शेपटीखालच्या घडीत जखम चिघळली होती आणि एक कान आतून लाल होता. औषधांनी तो आठवड्याभरात खुलला, काकूंना पाठीवर हात फिरवू द्यायला लागला. दाराशी मात्र होता तसाच.

मग मी त्यांना दिवाणखान्यात फोनचा कॅमेरा लावून नेहमीच्या दिवसाचं चित्रण करायला सांगितलं. माणसं कुत्र्याचं वागणं छान सांगतात, पण त्या गोष्टीतून स्वतःला वगळतात. चित्रणात सगळेच दिसतात.

आम्ही तिघांनी ते एकत्र पाहिलं. बंड्या पंख्याखाली झोपलाय. बेल वाजते. तो डोकं उचलतो आणि दाराकडे न बघता काकांकडे बघतो. काका खुर्चीतून ताडकन उठलेत. "बंड्या, गप! गप म्हणतो ना!" स्वयंपाकघरातून काकू धावत येतात, "धरा हो, धरा त्याला!" काकांचा हात गळ्यातल्या पट्ट्यावर पडतो आणि त्या क्षणी बंड्या भुंकत झेपावतो. दार चार बोटं उघडतं, पार्सल आत येतं, दार बंद. बंड्या दोनदा फुरफुरतो, काकांकडे एकदा बघतो आणि पुन्हा पंख्याखाली आडवा होतो.

मी चित्रण थांबवलं. "काका, आता हेच बंड्याच्या तोंडून सांगा. काय झालं?"

काका हसले. माझ्याकडे लोक अशा वेळी हसतातच. मग जरा विचार करून म्हणाले, "बेल वाजली. हे दोघं घाबरले. म्हणजे काहीतरी वाईट आलंय. मी ओरडलो. ते निघून गेलं."

"आणि हे किती वेळा होतं?"

"रोज. कधी दिवसातून दोनदा." ते थांबले. "म्हणजे रोज जिंकतोय की तो!"

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आणि रोज तुम्ही शाबासकी देता. आल्यागेल्याला सांगत असता, आमच्याकडे चोराची यायची बिशाद नाही म्हणून."

माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण हा. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त प्रश्न नेमक्या जागी ठेवला होता. पार्सलवाला काम संपलं म्हणून जातो, हे बंड्याला कसं कळणार? त्याच्या हिशोबात तो भुंकला म्हणून माणूस पळाला. ज्या कृतीला फळ मिळतं ती कृती पुन्हा होते, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1898 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मी त्याच वाटेने जाणारी आहे, स्वभावाला नावं ठेवण्यापेक्षा फळ कुठून मिळतंय ते शोधणारी. बंड्याला दारावर वर्षभर रोज फळ मिळत होतं. त्यात दुसरी गोष्ट मिसळली होती: बेल म्हणजे आपली माणसं बिथरणार, हे त्याने पाठ केलं होतं. झेपावण्याआधी तो काकांकडे बघत होता, ते त्यासाठी. ज्याला सगळे 'राखण' म्हणत होते त्यात अर्धी धास्ती होती आणि ती त्याने घरच्यांकडूनच उचलली होती.

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून बरेच जण ते अर्ध्यावर सोडतात. सर्वांत आधी त्याचं रोजचं जिंकणं बंद करायचं. बेल काढून टाका किंवा दारावर 'कृपया फोन करा' अशी पाटी लावा. रस्त्याकडच्या काचेला खालच्या बाजूने धूसर कागद चिकटवा. दार आणि कुत्रा यांच्यामध्ये लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक बसवा. गळपट्टा धरून ओढणं कायमचं बंद करा आणि छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, कारण बुलडॉगच्या गळ्यावर ताण येता कामा नये. मुसकं लागणारच असेल तर चपट्या तोंडासाठी बनवलेलं, जीभ बाहेर काढून धापता येईल असं हवं आणि त्याची सवय आधी शांतपणे लावायला हवी. "हे म्हणजे पळवाट झाली," काका म्हणाले. पळवाटच आहे. पण रोज सराव चालू असेल तर जुनी सवय मोडत नाही.

मग बेलचा अर्थ बदलायचा. काकूंनी फोनवर बेलचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि अगदी हळू वाजवला, बंड्याचा कान हलेल इतकाच. आवाज झाला की त्याच्या चटईवर खाऊचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ. उलट केलं तर खाऊच धोक्याची खूण बनतो. आवाज रोज किंचित वाढवायचा. तो खायचा थांबला, अंग ताठ झालं, तर आपण घाई केली, एक पायरी मागे यायचं. खाऊ त्याच्या रोजच्या जेवणातूनच काढायचा, बुलडॉगचं वजन वाढायला निमित्त लागत नाही. आणि हे गार वेळेला, पाच-पाच मिनिटंच. उत्तेजनाने आणि उन्हाने या कुत्र्यांना फार लवकर धाप लागते. श्वास घरघरायला लागला की त्या दिवसापुरतं पुरे.

काकूंनी जो प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात. "भुंकला तरी खाऊ दिला, तर भुंकायलाच शिकेल ना?" नाही. आपण इथे त्याला काही करून दाखवायला शिकवत नाही, बेल ऐकल्यावर पोटात जे होतं ते बदलतोय. पोटातली धास्ती गेली की भुंकणं आपोआप ओसरतं. तो चटईवर टिकायला लागला की मग शांत बसण्याला बक्षीस देता येतं.

खरी माणसं सगळ्यात शेवटी, आधी ओळखीची. पाहुण्याने त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, वाकायचं नाही, हात पुढे करायचा नाही. आत येऊन खाऊचा तुकडा कुत्र्याच्या मागे टाकायचा, म्हणजे तो घेण्यासाठी त्याला पाहुण्यापासून दूर जावं लागतं. हातातून भरवायचा मोह आवरा. कुत्रा खाऊसाठी जवळ येतो, खाऊ संपतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या फार जवळ आहोत. बरेच चावे तिथे होतात.

बुलडॉगचा चेहरा वाचायलाही शिकावं लागतं. सुरकुत्या कायमच्या, तोंड आखूड, शेपटी बोटभर. दुसऱ्या कुत्र्यांत सहज दिसणाऱ्या इशाऱ्यांतले अर्धे याच्यात दिसतच नाहीत. धापणारं तोंड एकदम मिटलं, अंग थिजलं, वजन पुढच्या पायांवर आलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर दोन पावलं मागे व्हा. आणि गुरगुरण्यावर कधीही रागावू नका. तो सांगून चावणारा कुत्रा आहे, त्याला न सांगता चावणारा करू नका.

नसबंदीने हे जाईल का, असं काकांनी मध्येच विचारलं. भटकणं आणि जागोजागी मुतणं त्याने कमी होऊ शकतं. दारावरच्या आक्रमकपणासाठी मात्र मी तिच्या भरवशावर राहू देत नाही. ती करायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून, आरोग्याच्या कारणाने ठरवा.

मध्यंतरी एक दिवस नळ दुरुस्त करणारा न सांगता आला, फाटक उघडं होतं आणि बंड्या पुन्हा पहिल्यासारखा उसळला. काकांचा हताश फोन आला. मी त्यांना एवढंच विचारलं, "शांत व्हायला किती वेळ लागला?" पूर्वी कुणी घरात आलं की तो तासभर येरझाऱ्या घालायचा, या वेळी चहा होईपर्यंत चटईवर होता. असे दिवस येतात. त्या आठवड्यात पायऱ्या थोड्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या.

ज्यांच्या घरी कुत्र्याने माणसाला रक्त येईपर्यंत चावलंय, त्यांनी वाचून घरी प्रयोग करू नयेत. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस घ्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. त्यानंतर पशुवैद्य आणि वागणुकीचा जाणकार यांच्यासोबतच पुढचं पाऊल टाका. काही घरांत, विशेषतः लहान मुलं असताना, कुत्र्यासाठी दुसरं घर शोधायचा निर्णयही घ्यावा लागतो. मी तसा सल्ला दिलाय आणि देताना संकोच केलेला नाही. पण ती वेळ लोक समजतात त्याहून खूप कमी वेळा येते.

बंड्या आता बेल वाजली की एकदोनदा भुंकतो. काका बसल्या जागेवरून "बरं, कळलं" म्हणतात आणि तो चटईवर जाऊन काकूंची वाट बघतो. घरात फार माणसं येणार असतील तर ती यायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत चघळायला देऊन ठेवतात.

परवा काकांचा फोन आला. मुलगा, सून आणि रांगायला लागलेला नातू महिनाभर राहायला येतायत. "जाळीचं फाटक काढून टाकू का? आता तर सुधारलाय तो."

"दारावर सुधारलाय, काका. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर रांगत येणारं मूल त्याने अजून पाहिलेलं नाही. फाटक ठेवा, त्याचं अंथरूण पलीकडे हलवा, आणि दोघांना एका खोलीत एकटं एक मिनिटही सोडू नका. ते यायच्या आधी एकदा सगळे बसू, सूनबाईंनाही फोनवर घ्या."

त्यांनी लगेच तारीख विचारली.