७५ पैशांचं युनिट खरं का?

प्रश्न: आमचं घर खानापूर तालुक्यात, स्लॅबचं. महिन्याला ३०० युनिट जळतात, म्हणून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची फुकट वीज मिळत नाही. ३ किलोवॅट सोलरचं कोटेशन १,८०,००० रुपयांचं आहे, त्यातून केंद्राची सबसिडी ७८,००० वजा होईल. विक्रेता म्हणतो, २५ वर्षांत युनिट ७५ पैशांना पडेल. खरं का?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, त्याने १,०२,००० रुपयांना रोजचे १५ युनिट, ३६५ दिवस आणि २५ वर्षं यांनी सरळ भागलंय. रोज १५ म्हणजे किलोवॅटला ५ युनिट. एवढं उत्पन्न कडक उन्हाच्या दिवशीचं. मृग लागल्यावर खानापुरात सूर्य किती दिवस दिसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! माझ्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या गच्चीवर २ किलोवॅटचे पॅनल आहेत. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत उतरवतो. एप्रिलच्या पानावर ९ युनिट दिसतात, जुलैच्या पानावर ४, ३, एके दिवशी तर दीड.

तुम्ही किलोवॅटमागे वर्षाला १,३०० युनिट धरा, म्हणजे ३,९००. पॅनल दरवर्षी साधारण अर्धा टक्का मंदावतात. २५ वर्षांत ९२,००० युनिट हाती येतील.

आता खर्च. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, २५ वर्षं टिकत नाही. बाराव्या वर्षी नवा लागेल असं समजून ३०,००० धरा. धुणं आणि किरकोळ दुरुस्तीला वर्षाला २,०००. सगळं मिळून १,८२,०००, म्हणजे युनिट दोन रुपयांना.

पण इथेही थांबू नका. पैसे तुम्ही आज मोजणार आणि वीज २५ वर्षं थोडी थोडी येणार. तीच रक्कम ८ टक्के व्याजाने ठेवली असती, तर आजचे १०० पुढच्या वर्षी १०८ झाले असते. म्हणून पुढचा खर्च आणि पुढची युनिटं, दोन्ही त्याच हिशेबाने आजच्या मोलात आणायची. मग खर्च १,३५,००० आणि युनिटं ४०,००० उरतात. भाव येतो ३ रुपये ४० पैसे. मी हाच खरा मानतो. सबसिडी नसती तर ५ रुपये ३० पैसे झाला असता. कर्ज काढणार असाल तर ८ च्या जागी बँकेचा दर घाला.

हा आकडा हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलातल्या युनिटच्या दराशी ताडा; बिलातला दर जास्त असेल तर सोलर फायद्याचं. स्थिर आकार मात्र बाजूला ठेवा, तो सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो. माझं मत विचाराल तर तुमच्या घराला सोलर परवडेल, जरूर बसवा. फक्त ७५ पैशांच्या भरवशावर नको.

घराच्या दक्षिणेला फणस किंवा माड असेल तर डिसेंबरात दुपारी त्याची सावली स्लॅबवर कुठवर येते ते पाहूनच जागा ठरवा. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचा जोर उतरू शकतो. आणि इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची, हे कोटेशनवर लिहून घ्या. पाचच वर्षांची असेल तर मी बाराव्या वर्षी धरलेले ३०,००० तुम्हाला आधीच काढावे लागू शकतील.