कोर्स नंतर घ्या, आधी एक अख्खी शिफ्ट गोदामात काढा

आठ वर्षं शाळेत शिकवून तुम्ही आता नवी मुंबईत महापेच्या एका औषध-वितरण कंपनीत एचआरला लागलात. गोदामात पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढायला, येणाऱ्या नव्या पोरांचं ट्रेनिंग तुमच्या गळ्यात पडलंय. तुम्ही विचारताय की इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा, म्हणजे ट्रेनिंग आखण्याच्या शास्त्राचा, पाया पक्का करायला कोणता कोर्स घ्यावा, कुठलं सॉफ्टवेअर शिकावं. माझं उत्तर: सहा महिने दोन्हींवर एक रुपया घालवू नका. वागळे इस्टेटपासून रबाळेपर्यंत सतरा वर्षं हेच काम केलंय, त्यातली पहिली तीन नुसत्या पीपीटी रंगवण्यात गेली, म्हणून सांगतो.

अर्धा पाया तुमच्याकडे आहेच. बी.एड.ला पाठ टाचणं काढली असतील ना? एका रकान्यात उद्दिष्टं - ज्ञान, आकलन, उपयोजन - आणि शेजारी स्पष्टीकरणं, 'विद्यार्थी ओळखतो', 'विद्यार्थी फरक सांगतो'. त्याचं मूळ अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या १९५६ सालच्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणात आहे. कॉर्पोरेटवाले २००१ची सुधारित आवृत्ती सहा मजल्यांच्या रंगीत पिरॅमिडसारखी भिंतीवर लावतात, माल तोच. फरक दुसरीकडे आहे. शाळेत अभ्यासक्रम बोर्डाकडून येतो, त्यामुळे 'काय शिकवायचं' हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नाही. कंपनीत सुरुवातच तिथून होते, आणि बऱ्याचदा उत्तर निघतं की काहीच शिकवायचं नाही.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका गोदामाची गोष्ट सांगतो, नाव नको. औषधांच्या गोदामात एफईएफओ चालतं, म्हणजे ज्या बॅचची मुदत आधी संपणार ती आधी बाहेर. तिथली पोरं हाताला येईल ती बॅच उचलायची. मॅनेजर म्हणाले, ट्रेनिंग द्या. मी ६४ स्लाइड केल्या, थेट 'मुदत म्हणजे काय' इथपासून. पोरांनी माना डोलावल्या, टेस्टमध्ये सगळे पास. महिन्याने बघतो तर तक्रारी तेवढ्याच. मग एकदा सेकंड शिफ्टला खाली जाऊन उभा राहिलो. खोक्याच्या एकाच बाजूला मुदत छापलेली, तीही बारीक, आणि रॅकवर माल लावणाऱ्यांनी नेमकी तीच बाजू आत केलेली. तारीख बघायची तर प्रत्येक खोका बाहेर ओढायचा. त्यात इन्सेन्टिव्ह मिळायचा ताशी ऑर्डरच्या किती लाइन (एक लाइन म्हणजे यादीतली एक वस्तू) उचलल्या त्यावर. खोकी फिरवत बसणाऱ्याचे पैसे कापले जाणार! त्या पोरांना एफईएफओ माझ्याइतकंच कळत होतं. शेवटी माल लावणाऱ्यांना छापील बाजू बाहेर ठेवायला सांगितलं, जाड मार्करने महिना-वर्ष लिहायला लावलं, इन्सेन्टिव्हसाठी चार महिने भांडलो. ट्रेनिंग उरलं पंधरा मिनिटांचं.

थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय, मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. काम बिघडलं की आधी परिस्थिती तपासायची: माणसाला माहिती वेळेवर मिळते का, साधनं धड आहेत का, नीट काम केल्याचा त्याला काही फायदा आहे का. त्याच्या ज्ञानाकडे त्यानंतर वळायचं. या धंद्यात एक जुना प्रश्नही आहे: जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम नीट करेल का? करेल, असं वाटत असेल तर त्याला ते येतंच, घोडं दुसरीकडे अडलंय. मात्र हे मॅनेजरला तोंडावर सांगू नका. 'ट्रेनिंग करतेच सर, त्याआधी दोन दिवस फ्लोअर बघून घेऊ का?' एवढंच म्हणा. याला आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

शिकवायलाच हवं असं ठरलं की उद्दिष्ट लिहा. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सांगितलेली पद्धत आजही पुरते: माणूस काय करेल, कुठल्या परिस्थितीत करेल, आणि किती बिनचूक. 'एफईएफओची संकल्पना समजेल' हे चालणार नाही, कारण समजलं हे दिसणार कसं? त्याऐवजी: 'रॅकवर एकाच गोळीच्या तीन बॅच असताना, पिकलिस्ट (काढायच्या मालाची यादी) हातात घेऊन, आधी मुदत संपणारी बॅच उचलतो, वीसपैकी वीस वेळा.' औषध आहे, एकोणीस चालत नाहीत. हे वाक्य कागदावर आलं की परीक्षाही तयार झाली: वीस ओळींची पिकलिस्ट आणि एक रॅक.

यापुढचा भाग सगळ्यांत अवघड, आणि तो मला कुठल्याच कोर्सात धड शिकायला मिळाला नाही. जाणत्या माणसाकडून काम काढून घेणं. आमच्याकडे एक स्टोअरकीपर काका होते, बावीस वर्षं त्याच गोदामात. त्यांना विचारलं, आलेला माल कसा तपासता? म्हणाले, "काय नाय ओ, बघायचं आणि ठेवायचं." त्यांचा दोष नाही. रोजचं काम हातात मुरलं की ते शब्दांत सापडत नाही. तुम्हाला कुणी विचारलं पोळीची कणीक किती सैल, तर काय सांगाल? मग मी विचारणं बंद केलं आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. खोकी सरकवता सरकवता त्यांनी एक उचलून बाजूला ठेवलं.

"काका, हा का काढला?"

"हलका आहे."

उघडला तर आत एक पाकीट कमी. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं की आपण वजन बघतो. तेव्हापासून नव्या पोरांसमोर पहिल्याच दिवशी चार खोकी ठेवायला लागलो, तीन भरलेली आणि एक कमी, डोळे मिटून उचलायला लावायचो. हे स्लाइडवर कसं आणणार? म्हणून 'कसं करता' हा प्रश्न टाळा. काम चालू असताना थांबवून विचारा, 'आत्ता हे का केलंत?' आणि दुसरं, 'नवीन माणूस इथे हमखास काय चुकतो?' या दुसऱ्यावर लोक अर्धा तास बोलतात, शिव्यांसकट.

मिळालेलं लिहून ठेवायला तीन रकाने पुरतात: पायरी, त्यातली खुबी, खुबीचं कारण. याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकेतल्या कारखान्यांत भराभर नवे कामगार घ्यावे लागले, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. युद्धानंतर तो जपानात गेला आणि टोयोटाने उचलला. शिकवणं चार टप्प्यांत: माणसाची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तिसऱ्या टप्प्यात त्याने हाताने काम करता करता खुबी तोंडाने सांगायची. सांगता आली नाही तर पुन्हा दुसरा टप्पा. फ्लोअरसाठी याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही.

भाषेचं एक सांगतो. तुमच्या लाइनीत जौनपूरचा, दरभंग्याचा आणि बुलढाण्याचा पोरगा शेजारी शेजारी असणार. साधी हिंदी बोला; बॅच, एक्स्पायरी, डॅमेज, शॉर्ट हे शब्द आहेत तसे ठेवा. इंग्रजी प्रश्नपत्रिका दिलीत तर परीक्षा इंग्रजीची होते.

एकाच दिवशी सगळं कोंबू नका. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मोजला होता. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग मला जास्त उपयोगी पडला: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. म्हणून मी शिफ्टच्या सुरुवातीच्या हजेरीत रोज दोनच प्रश्न विचारतो, तेही मागच्या आठवड्यातले.

वाचताना दोन गोष्टी भेटतील, त्या सोडून द्या. माणसं 'बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी' असतात आणि त्याप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही; पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते तपासलंय. आणि 'वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' असं सांगणारं शंकूचं चित्र. एडगर डेल यांच्या १९४६च्या मूळ शंकूत टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले. हा शंकू मी स्वतः दोनशेएक लोकांना शिकवलाय, आता काय बोलणार.

अ‍ॅडीचं (ADDIE) नाव ऐकलं असेलच, ट्रेनिंग बनवण्याचे पाच टप्पे: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी झालेल्या कामातून ते आलं. वर जे लिहिलं ते बहुतेक पहिल्याच टप्प्याचं, म्हणजे विश्लेषणाचं, आहे, आणि घाईत कंपन्या नेमकं तेच गाळतात. मूल्यमापनाला कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ पासूनच्या चार पातळ्या बघा: कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं, आणि कंपनीला काय मिळालं. आपल्याकडे पहिल्याच पातळीवर, म्हणजे 'सेशन कसं वाटलं, जेवण कसं होतं' या फॉर्मवर, गाडी थांबते. तुम्ही चुकीच्या बॅचचे आकडे ट्रेनिंगच्या आधीच लिहून ठेवा, नंतर मागितलेत तर कुणी देणार नाही. सॉफ्टवेअर शेवटी. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायला) आणि एचफाइव्हपी (त्यातले प्रश्न-सराव बनवायला) फुकट आहेत, हात बसवायला पुरेत.

येत्या आठवड्यात एकच काम धरा, आलेला माल उतरवून घेणं म्हणा, आणि त्याचा तीन रकान्यांचा कागद करून इथे टाका. मी लाल पेन घेऊन बसतो. आणि हो, फ्लोअरवर जाताना सेफ्टी शूज घाला. पहिल्या दिवशी मी चपला घालून गेलो होतो, वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं.