हात आवर
काल सिम्युलेटरमध्ये व्ही-वननंतर, म्हणजे उड्डाण थांबवता येण्याचा शेवटचा वेग ओलांडल्यावर, एक इंजिन गेलं आणि तुझा हात लगेच इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरकडे गेला. तो आवर, बाळा. व्ही-वन ओलांडल्यावर थांबायचं नाही. विमान एका इंजिनावर चढतं, त्याची रचनाच तशी असते. आधी रडर, म्हणजे पायाने चालणारं शेपटीवरचं सुकाणू. नाक मध्यरेषेवर धर, पाय थरथरला तरी दाब सोडू नकोस. चढ दिसला की चाकं वर. 400 फुटांपर्यंत बाकी कशाला हात नको.

2015 साली तैपेईत ट्रान्सएशिया या विमान कंपनीच्या एटीआर 72 विमानाच्या उजव्या इंजिनाचा जोर गेला आणि वैमानिकांनी धडधाकट डावं इंजिन बंद केलं. 43 माणसं गेली. म्हणून बंद करायच्या इंजिनाच्या लिव्हरवर बोट ठेवून मोठ्याने विचार, ‘दोन नंबर, बरोबर?’ (दोन नंबर म्हणजे उजवं.) शेजारून ‘बरोबर’ ऐकू येईपर्यंत ती हलवायची नाही.