सगळ्यांचंच असं चाललंय, असं मला लिहू नकोस

पुणे, मे 2021

प्रिय मुली,

तुझ्या मेसेजमध्ये आपल्या एमएसवरचं (मल्टिपल स्क्लेरोसिस) औषध रिटुक्सिमॅब, कोविडची लस, डाव्या पायातल्या मुंग्या, सगळं तारीखवार आहे. आणि तळाशी एक ओळ: ‘झोप लागत नाही, रडू येतं, पण ते काय, सध्या सगळ्यांचंच असं चाललंय.’ मुंग्यांना अख्खा परिच्छेद आणि रडण्याला अर्धी ओळ? हे पत्र त्या अर्ध्या ओळीसाठी.

सगळ्यांचं असं चाललेलं नाही. सगळ्यांच्या मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, त्यांचीच प्रतिकारशक्ती कुरतडत नाही. एमएस झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, महामारी नसतानाही. त्याला परिस्थिती कारण असते, तसे मेंदूतले चट्टे आणि सूजही. शार्को या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसमध्ये 1868 च्या सुमारास हा आजार मांडला, तेव्हा रुग्णांचं विनाकारण हसणं-रडणंही नोंदवून ठेवलं होतं. त्याला जे लक्षण वाटलं, तो तुला तुझा हळवेपणा वाटतो? मन हे लक्षण आहे. डोळ्याइतकंच, पायाइतकंच. यादीत लिही.

आणि या वर्षाने आपल्याला काय काय ऐकवलं ते तुला माहीत आहे. रोज संध्याकाळी बातम्यांत ‘मृतांना सहव्याधी होत्या’. इतरांना धीर यावा म्हणून बोललेलं ते वाक्य ऐकताना आपल्या मरणाचं कारण आधीच लिहून ठेवलंय असं वाटायचं. शेजारीण गुळवेलीचा काढा घेऊन दारात: ‘इम्युनिटी वाढवा हो!’ अहो, माझी इम्युनिटी माझ्याच अंगावर धावून येते, तिला आणखी खुराक कशाला?

तुझी आई दिवसातून तीनदा वाफ देते आणि नंतर तुला बराच वेळ धूसर दिसतं, हे वाचून तर कपाळाला हात लावला. उष्णतेने आपली जुनी लक्षणं डोकं वर काढतात आणि अंग गार झालं की बसतात. तो आजाराचा नवा अटॅक नव्हे. पण डोळ्यांपुढे धुकं आलं की पोटात जो गोळा येतो तो खरा असतो, आणि तो दिवसातून तीनदा ओढवून घ्यायचं काही कारण नाही. वाफ बंद. आई रागावली तर माझं नाव सांग.

माझं नाव तसंही खराब आहे. भावाच्या मुलांना मी दारातूनच परत पाठवलं, नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. विक्षिप्त म्हणतात. म्हणोत. सकाळी उठून ऑक्सिजनसाठीची धावाधाव आणि मागोमाग श्रद्धांजल्या वाचल्या की माझा अख्खा दिवस अंथरुणात जायचा. ग्रुप सोडल्यावर निदान दुपारपर्यंत उभी राहते. हा स्वार्थ असेल तर असू दे, मी तो सोडणार नाही.

माझं निदान झालं त्या काळी डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारायचे, तळव्यावर सुई टोचून ‘कळतंय का?’ विचारायचे. मनाचं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. घरी सगळे म्हणायचे, हिचा स्वभावच चिडका झालाय. माझा नवराही मरेपर्यंत तेच समजत राहिला. आता हे त्याला कोण सांगणार? तुझ्या घरात हे व्हायला नको. म्हणून पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाच: मन हे लक्षण आहे.

आता कामाचं. लॉकडाउन लागला त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, व्हिडिओवरून तपासण्याचे सरकारी नियम आले, तेव्हा ‘बाहेर पडता येत नाही’ ही सबब चालणार नाही. न्यूरॉलॉजिस्टना झोप, रडणं, भूक, सगळं तारखांसकट सांग. थकवा एमएसचा की नैराश्याचा, हे तू ठरवू नकोस, दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या महिन्यात स्टिरॉइड घेतलंस, त्यानेही झोप आणि मूड बिघडतो, तेही सांग. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव मागून घे. रिटुक्सिमॅब आणि लस यांच्या तारखाही त्याच कॉलमध्ये ठरवून घे, कारण ज्या पेशींपासून अँटिबॉडी तयार होतात त्यांनाच ते औषध कमी करतं. तिथे माझं मत चालणार नाही.

ऑफिसला कळवायचं की कॅमेरा बंद ठेवून रेटायचं, ते तुझं तू ठरव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आपल्या आजाराचं नाव आहे, एवढं लक्षात असू दे. जगणंच नको असं एखाद्या रात्री वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही. घरच्यांना उठव, मला उठव, मी तशीही जागीच असते.

नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिले दोन-तीन आठवडे काही फरक वाटणार नाही, उलट मळमळेल. तेवढ्यात ‘मला नाही लागू पडत’ म्हणून सोडशील, ओळखते मी तुला. सोडायची नाही. गोळीचं नाव आणि डोस मला कळव.

तुझी,
काकू